मानसिक आजार, मिरगी, लकवा आणि संशोधन: विदर्भातल्या घरांतून येणारे प्रश्न

मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या एथिक्स कमिटीवर 'सामान्य व्यक्ती' म्हणून बसतो. थट्टा करत नाही, नियमातच तशी जागा आहे. माणसांवरच्या औषधचाचणीला मंजुरी देणाऱ्या कमिटीत किमान ७ जण लागतात. त्यात कायदा जाणणारा हवा, एक बाई हवी, आणि माझ्यासारखा एक बिनडॉक्टरी माणूसही हवा. निम्मे सदस्य तरी त्या संस्थेच्या बाहेरचे असावे लागतात. मी कमिटीवर आहे ही बातमी फुटल्यापासून वर्धा-यवतमाळ पट्ट्यातून फोन येतात, तेच तेच प्रश्न येतात. म्हणून एकदा लिहून ठेवतो. गोळ्या कोणत्या घ्यायच्या ते मात्र मला विचारू नका.

१. दवाखाना तोच, डॉक्टर तेच. मग संशोधन आणि इलाज यात फरक काय?

इलाजात डॉक्टर तुमच्या माणसाकडे पाहून ठरवतो. संशोधनात काय करायचं ते कागदावर आधीच ठरलेलं असतं आणि तुमचा माणूस त्यात बसतो की नाही ते पाहतात. त्यातून त्याला फायदा होईलही, पण तो झालाच पाहिजे असं त्या कागदात कुठेच लिहिलेलं नसतं. फायदा झाला तर बहुतेक पुढच्या पेशंटला. 'मोठ्या डॉक्टरांनी निवडलं म्हणजे चांगला इलाज मिळणार' हा समज मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि सगळ्यात जास्त घोळ त्यातूनच होतो.

संशोधन म्हणजे दर वेळी नवं औषध असंही नाही. घरी येऊन तासभर प्रश्न विचारणं, रक्त घेणं, एमआरआय काढणं, आशाताईकडून समुपदेशन करवून त्याचा परिणाम मोजणं, हे सगळं त्यात आलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याप्रमाणे मानसिक आजार असलेल्या माणसाची नुसती मुलाखत घ्यायची असली तरी त्याची मोकळेपणी दिलेली संमती लागते.

२. आमच्याच गावात काऊन येता? आम्ही काय उंदीर आहोत?

राग समजतो. पण उलट बाजूही पाहा. २०१५-१६ साली बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने देशाचं पहिलं मोठं मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. म्हणजे ज्या भागातल्या शेतकरी आत्महत्यांवर दिल्लीपर्यंत भाषणं झाली, त्या भागाचं मन त्या आकड्यांत मोजलेलंच नाही.

जिथे मोजलं, तिथे काहीतरी हाती लागलं. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम चालला. गावातलीच माणसं शिकवून तयार केली होती. आधी नैराश्य असलेल्या १०० जणांत जेमतेम ४ जण मदतीपर्यंत पोचत होते, दीड वर्षानंतर ते २७ झाले. गडचिरोलीत 'सर्च' संस्थेने ८६ गावांतल्या मृत्यूंची कारणं घरोघरी जाऊन तपासली. सगळ्यांत वर निघाला लकवा, साधारण सात मृत्यूंत एक. तोवर 'लकवा हा शहरी, सुखवस्तू लोकांचा आजार' म्हणणारे पुष्कळ होते.

तेव्हा का येतात हा प्रश्न बरोबरच आहे, फक्त तो येणाऱ्याला विचारा. 'हे नागपुरात का नाही केलं?' याचं उत्तर 'इथे लोक पटकन हो म्हणतात' असं निघालं, तर दार लावून घ्या.

३. माझ्या आजीला वाचता येत नाही. अंगठा लावला की संमती झाली का?

नाही. याचं उत्तर जरा लांब देतो.

कमिटीतर्फे एकदा एका गावात पाहणीला गेलो होतो. ओट्यावर एक आजी सुपात तूर पाखडत बसलेली. टॅब घेतलेली मुलगी समोर बसून माहितीपत्रक वाचत होती, १४ पानी. दुसरं पान उलटायच्या आत आजीने सूप बाजूला ठेवलं, पदराला अंगठा पुसला, पुढे केला आणि म्हणाली, "कोठी लाऊ?" मुलीने शाईचं पॅड उघडलं. मी थांबवलं आणि विचारलं, "आजी, हे कशाचं आहे?" आजी म्हणाली, "निराधारच्या पैशाचं नाही का?"

तिचं काय चुकलं? रेशन, बँकेचं केवायसी, हयातीचा दाखला, सगळीकडे आयुष्यभर तिने अंगठाच दिला. कुठलाच कागद तिला नाही म्हणायची सोय ठेवून पुढे आला नव्हता.

नियम असा आहे: वाचता न येणाऱ्या माणसाची संमती घेताना एक साक्षर, तटस्थ साक्षीदार सुरुवातीपासून शेवटपर्यंत हजर पाहिजे. तो संशोधकांचा माणूस नको. शेजारची शिकलेली सून चालेल, टीमचा ड्रायव्हर चालणार नाही. सगळं समजेल अशा बोलीत सांगायचं, वेळ द्यायचा, आणि सही-अंगठ्याच्या कागदाची एक प्रत घरी ठेवायची. नव्या रेणूच्या औषधाची चाचणी असेल आणि रुग्ण दुर्बल गटातला असेल, तर संमती घेतानाचं व्हिडिओ चित्रण करून जपून ठेवावं लागतं.

मी स्वतः एकच कसोटी लावतो. सगळं सांगून झाल्यावर विचारायचं, "आता तुम्हीच मला सांगा, हे लोक काय करणार आहेत?" उत्तर आलं नाही, तर शाईचं पॅड बंद.

४. नाही म्हटलं तर पीएचसीतल्या गोळ्या बंद होतील का?

होता कामा नये. आधी नाही म्हणा, नाहीतर हो म्हणून मधूनच सोडा, नेहमीचा इलाज चालूच राहिला पाहिजे. कारणही द्यावं लागत नाही. कोणी 'नाव काढलं तर कार्ड बंद' असं बोललं, तर संमतीपत्रावर एथिक्स कमिटीचा नंबर असतो, तो लावा. फक्त अचानक सोडू नका. काही औषधं हळूहळू कमी करावी लागतात, तेवढं विचारून घ्या. दिलेल्या रक्ताचं पुढे काय होणार, हेही तेव्हाच विचारा.

५. पैसे देतात म्हणे. घ्यावे का?

बसभाडं आणि बुडालेली मजुरी मागणं हा हक्क आहे. वेचणीच्या दिवसांत बाईचा एक दिवस मोडला तर तो भरून द्यायलाच हवा. तपासण्यांचे पैसे तुमच्याकडून घेता येत नाहीत. पण रक्कम इतकी मोठी असेल की पैशासाठीच माणूस धोका पत्करेल, तर कमिटी ती अडवते. घरातल्या कोणी पैसे घेऊन आजारी माणसाला पुढे ढकललं, अशी प्रकरणं कानावर येतात, म्हणून हे स्पष्ट लिहितो.

६. भावाला स्किझोफ्रेनिया आहे. सही त्याची चालेल की माझी?

आधी त्याची. आजाराचं नाव लागलं म्हणून माणसाचा निर्णयाचा अधिकार जात नाही. कायदा तीन गोष्टी पाहतो: सांगितलेलं समजतं का, हो किंवा नाही म्हटल्याने काय होईल याचा अंदाज येतो का, आणि निर्णय बोलून, खुणेने किंवा कसाही कळवता येतो का.

यात वेळेला फार महत्त्व आहे. रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळी दहापर्यंत उतरत नाही आणि टीम नेमकी नऊला येते. दुपारी तोच माणूस नीट बोलतो, बैलांची किंमतही बरोबर सांगतो. म्हणून 'याला समजत नाही' असा शेरा पहिल्याच भेटीत मारू देऊ नका, दुसऱ्यांदा या म्हणा.

आणखी एक करून ठेवा. बऱ्या दिवसांत त्याच्याकडून साध्या कागदावर लिहून घ्या की माझा नामनिर्देशित प्रतिनिधी अमुक. स्टॅम्पपेपर लागत नाही, सही किंवा अंगठा पुरतो. असा कागद नसेल, तर पुढे नातेवाइकांचा नंबर लागतो. त्यातला कोण, यावरून घरात भांडणं होतात, विशेषतः सातबाऱ्यावर नाव असेल तर.

७. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. मग?

इथे तुमची एकट्याची सही पुरत नाही, आणि हे पुष्कळ संशोधकांनाही माहीत नसतं. संमती देऊ न शकणाऱ्या, पण विरोधही न करणाऱ्या माणसावर औषधी, शारीरिक किंवा मानसशास्त्रीय प्रयोग करायचा असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची परवानगी लागते. प्रतिनिधीच्या संमतीवर पुढे जायचं की नाही, ते प्राधिकरण ठरवतं. त्याआधी ते पाहतं की हेच काम संमती देऊ शकणाऱ्या लोकांवर खरंच होण्यासारखं नाही का, अशाच रुग्णांच्या भल्यासाठी ते गरजेचं आहे का, आणि करणाऱ्यांनी आपले हितसंबंध उघड केलेत का.

'विरोध' तोंडीच असतो असं नाही. सुई पाहून हात मागे घेतला, गाडी आली की गोठ्यात जाऊन बसला, तर तो नाहीच म्हणतोय. त्याला धरून आणणारा भाऊ मायेने करत असेल, पण ती संमती नव्हे.

८. लकवा मारला, आईची वाचा गेली. तिची संमती कशी घेणार?

वाचा गेली म्हणजे समज गेली असं धरू नका. पुष्कळांना ऐकलेलं कळतं, शब्द तेवढे निघत नाहीत. मान, डोळे, बोट, चित्रांची पाटी, काहीही चालतं. खरंच समजत नसेल, तर कायदेशीर प्रतिनिधी म्हणून घरचं माणूस संमती देतं आणि आई सावरली की तिला पुन्हा विचारावं लागतं.

अडचण पहिल्या तासांत असते. रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि आपल्याकडे त्यातले तीन तास वाहन शोधण्यात जातात. अशा आणीबाणीतल्या संशोधनात कमिटीने आधीच मंजूर केलं असेल, तर संमती नंतर घेण्याची तरतूद आहे. नंतर म्हणजे शक्य तितक्या लवकर. डिस्चार्जच्या दिवशी बिलाबरोबर नव्हे.

९. मुलगा १३ वर्षांचा आहे, त्याला फिट येतात. त्यालाही विचारायचं?

हो. संमती आई-बापाची, पण ७ वर्षांपुढच्या मुलाचा होकारही घ्यायचा असतो: १२ पर्यंत तोंडी, त्यापुढे १८ पर्यंत लेखी. मुलगा मान हलवून नाही म्हणाला, तर त्याला किंमत आहे. हेच सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या पोरांनाही लागू आहे. त्यांना लहानपणीच लकवा होऊ शकतो, त्यामुळे अशा अभ्यासांत ती असतात. आणि फिट आली की चप्पल हुंगवू नका, तोंडात चमचा घालू नका. कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपुढे गेली की गाडी काढा. प्रश्नाचा भाग नव्हता, पण शिक्षकाची सवय जात नाही.

१०. चिठ्ठीत नकली, म्हणजे औषधच नसलेली गोळी आली तर?

एका माहितीपत्रकात 'यादृच्छिकीकरण' असा शब्द होता. मराठीचा मास्तर असून मला तो दोनदा वाचावा लागला. 'चिठ्ठी टाकल्यासारखं' असं करून घेतलं. तर चिठ्ठीने गट पडतात आणि कोणाला काय मिळालं ते बऱ्याचदा डॉक्टरलाही माहीत नसतं. त्रास झाला तर ते उघडून पाहण्याची सोय मात्र ठेवलेली असते.

मिरगीत चालू गोळी अचानक बंद करणं जिवावर बेतू शकतं. म्हणून चांगल्या अभ्यासात जुनी गोळी चालूच ठेवतात आणि वर नवी किंवा तशीच दिसणारी नकली देतात. "माझी चालू गोळी बंद होणार का?" हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या.

११. सुनेला फिट येतात हे सासरी माहीत नाही. अभ्यासात नाव गेलं तर कळेल?

हा निरोप नेहमी माहेरच्या फोनवरून येतो. टीमने सासरच्यांना सांगायचं नाही, हा नियम. पण गुपित कागदावरून कमी फुटतं आणि दारासमोर उभ्या जीपच्या पाटीवरून जास्त. म्हणून भेट उपकेंद्रात किंवा तालुक्याच्या ठिकाणी ठेवा म्हणावं, तुम्हाला तसं मागता येतं.

मिरगीच्या काही औषधांनी, विशेषतः व्हॅल्प्रोएटने, पोटातल्या बाळाला अपाय होऊ शकतो. त्यामुळे बायकांची गर्भचाचणी होते आणि गर्भ टाळण्याची अट असते. जिथे लग्नाला वर्ष झालं की 'काही बातमी?' सुरू होतं, तिथे ही अट पाळणं एकट्या सुनेच्या हातात नसतं. हे तिने आधीच तोलावं. चाचणीचा निकाल फक्त तिलाच सांगायचा असतो. आणि कोणी घटस्फोटाची धमकी देत असेल तर: हिंदू विवाह कायद्यातला मिरगीचा उल्लेख १९९९ सालीच काढून टाकला आहे.

१२. औषधाने काही बरंवाईट झालं तर?

औषधचाचणीत इजा झाली, तर तिचा संबंध चाचणीशी नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार फुकट. गंभीर घटना डॉक्टरने २४ तासांत कळवायची असते. इजा चाचणीमुळेच झाली असं ठरलं, तर भरपाई वेगळी. ती सूत्राने काढतात, आधाररक्कम ८ लाख रुपये, मग वय आणि मूळ आजाराचा धोका पाहून कमी-जास्त. प्रत जपून ठेवली नसेल, तर सगळं अवघड जातं (प्रश्न ३).

१३. आत्महत्येचे विचार येतात का, असं थेट विचारतात. त्याने नाही ते मनात येणार नाही?

विचारल्याने विचार पेरला जात नाही, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस बोलतो. पोलिसांची भीती असेल तर: प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असं कायदा धरून चालतो, त्याला शिक्षा करत नाही.

पण विचारणाऱ्यावर जबाबदारी येते. समोरचा म्हणाला, "फवारणीचा डबा माजघरातच आहे," तर मुलीने टॅबवर 'हो' टिचकी मारून पुढच्या प्रश्नाला जायचं नाही. थांबायचं, घरच्या एका विश्वासाच्या माणसाला सांगून डबा हलवायचा, डॉक्टरशी जोडून द्यायचं. गुप्ततेला इथे अपवाद आहे आणि तो संमतीपत्रावर आधीच लिहिलेला असावा. कमिटीत अशा अभ्यासाला माझा पहिला प्रश्न असतो: रात्री आठ वाजता कोणी 'हो' म्हटलं, तर तुमचा कोणता माणूस फोन उचलेल? संशोधन असो-नसो, टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.

१४. नवऱ्याने जीव दिला. चौकशी चालू आहे आणि संशोधकही आलेत. त्यांना खरं सांगितलं तर १ लाखाची सरकारी मदत जाईल का?

हा प्रश्न विचारायला बाई स्वतः येत नाही, दीर येतो. भीती खरी आहे. शेतकरी आत्महत्येचं प्रकरण पात्र की अपात्र हे जिल्हा पातळीवरच्या समितीत ठरतं, कर्ज आणि नापिकी पाहून. दारू किंवा डोक्याचा आजार निघाला तर अपात्र ठरू, असं घरच्यांना वाटतं. म्हणून संशोधकाला अर्धंच सांगितलं जातं, आणि त्या अर्ध्यावर पुढे शोधनिबंध लिहिले जातात.

संशोधनातली माहिती तहसीलदाराकडे जाता कामा नये. तसं लिहून मागा. 'आमचा निकाल लागल्यावर या' असंही म्हणता येतं, आणि तेराव्याच्या आत आलेल्याला तर म्हणायलाच हवं. ज्या टीमसोबत तलाठी किंवा पोलीस पाटील आहे, तिच्यासमोर बोलू नका.

१५. ग्रामसभेने ठराव केला. मग मला नाही म्हणता येतं का?

येतं. मेळघाटात, गडचिरोलीत आधी गावाला विचारणं योग्यच आहे, पण गावाचा हो म्हणजे तुमचा हो नव्हे. कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्याला मराठी कागद वाचून दाखवणं म्हणजेही संमती नाही. दुभाषा आश्रमशाळेतला मुलगा असेल, तर आईच्या पाळीबद्दल आणि बापाच्या दारूबद्दल तो काय भाषांतर करणार, हे सांगायला नको.

१६. मला न विचारता माझी जुनी फाईल वापरली. चालतं?

संमती देऊ न शकणाऱ्याच्या नोंदी नाव-गाव ओळखू येणार नाही अशा रीतीने अभ्यासायला मानसिक आरोग्य कायदा आडकाठी करत नाही. कमिटीची मंजुरी लागतेच. मात्र लहान गावात 'अमुक तालुक्यातली ३४ वर्षांची अंगणवाडी सेविका' एवढंही ओळखायला पुरतं.

१७. एका देवस्थानात रुग्णांना साखळीने बांधतात. तिथे संशोधक जाऊ शकतात का?

साखळीने बांधणं हाच २०१७ च्या कायद्याने गुन्हा आहे. तमिळनाडूतल्या एरवाडीत ६ ऑगस्ट २००१ ला आग लागली, बांधलेले २८ जण पळू शकले नाहीत. बांधलेल्या माणसाचा 'हो' मोकळा कसा असेल? तिथे गेलेल्या टीमने मुलाखतीआधी कळवण्याचं कर्तव्य पार पाडावं. पण त्या आईलाही लगेच दोष देऊ नका, जी तीन अमावास्या तिथे ओसरीत झोपली आहे. तिला दुसरा दवाखाना नागपूरला आहे.

१८. दोन वर्षं प्रश्न विचारले आणि निघून गेले. निघालं काय, ते कोण सांगणार?

त्यांनीच सांगायला हवं, आणि हे संमतीच्या वेळीच ठरवा. अभ्यासात मिळणारी गोळी किंवा समुपदेशन नंतर कोण चालू ठेवणार, तेही तेव्हाच विचारा. औषधचाचणी असेल, तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत तिचा नंबर असतो. गावातल्या कोणत्याही पोराला मोबाईलवर काढता येतो. तो नंबर घेऊन ठेवा. निकाल सांगायला गावात यायची तारीख लिहून घ्या. जूनची देऊ लागले तर नको म्हणा, पेरणीत चावडीवर कोणी येत नाही. मार्च ठीक, तूर घरात आलेली असते.